वऱ्हाडचा उन्हाळा आणि ग्राफिक्स कार्डाचा पंखा

संगणकाच्या पडद्यावरचे चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्स कार्डाला थंड ठेवण्याचे काम त्याच्यावर बसवलेला लहानसा पंखा करतो. हा पंखा किती वेगाने फिरावा हे कोणी ठरवायचे, आणि तो खरोखर तेवढ्या वेगाने फिरतो आहे की नाही हे कोणाला कळायचे, या दोन प्रश्नांची उत्तरे गेल्या पंचवीस वर्षांत हळूहळू बदलत गेली. महागड्या कार्डांत दोन्ही प्रश्न लवकर सुटले. स्वस्त कार्डांत पहिला प्रश्न उशिरा सुटला आणि दुसरा कित्येक कार्डांत आजही सुटलेला नाही. ही उणीव थंड प्रदेशात फारशी जाणवत नाही, पण वऱ्हाडातल्या शेगावसारख्या गावात ती कार्डाचे आयुष्य ठरवते.

शेगाव बुलढाणा जिल्ह्यात असले, तरी त्याचे हवामान बुलढाणा शहरासारखे नाही. बुलढाणा अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, सुमारे ६५० मीटर उंचीवर वसले आहे. शेगाव मात्र पूर्णेच्या खोऱ्यात, काळ्या मातीच्या सपाटीवर आहे. एप्रिल-मे महिन्यांत या खोऱ्यात पारा ४२-४३ अंशांवर असणे नेहमीचे, आणि काही दिवस तो ४५ च्याही पुढे जातो. पंख्याच्या दृष्टीने ही बाब निर्णायक आहे, कारण पंखा थंडावा निर्माण करत नाही. तो चिपची उष्णता खोलीतल्या हवेच्या स्वाधीन करतो. म्हणून चिपचे तापमान म्हणजे आत येणाऱ्या हवेचे तापमान अधिक चिपच्या उष्णतेमुळे होणारी वाढ. समजा, एखादे कार्ड ७५ वॅट वीज वापरते आणि त्याचा हीटसिंक, म्हणजे चिपची उष्णता पसरवणारा धातूच्या पाकळ्यांचा ठोकळा, व पंखा मिळून दर वॅटमागे ०.६ अंश वाढ होऊ देतात. ही वाढ ४५ अंशांची झाली. खोली २५ अंशांवर असेल तर चिप ७० अंशांवर राहील. खोली ४२ अंशांवर असेल तर तीच चिप, तेच काम करताना, ८७ अंशांवर पोहोचेल. १७ अंशांचा हा फरक कार्ड बनवणाऱ्याच्या हातात नाही, तो गावाच्या हवेचा आहे.

रेग्युलेटर आणि कूलर

पंख्याचा वेग कमी-जास्त करणे वऱ्हाडातल्या घरांना संगणकाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. विजेपूर्वीच्या काळात कचेऱ्यांत छताला टांगलेला कापडी पंखा दोरीने ओढला जाई आणि दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडले जाई. विजेचा छतपंखा आल्यावर भिंतीवर रेग्युलेटर आला. जुन्या रेग्युलेटरमध्ये विरोधक तारेची वेटोळी असत. खटका मागे घेतला की पंख्याच्या वाटेत जास्त तार येई, पंखा मंद होई आणि वाचलेली वीज त्या डबीतच उष्णता होऊन जाई. पुढे ट्रायॅक हा अर्धवाहक स्विच वापरणारे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आले आणि ही उधळपट्टी थांबली. विजेचा पुरवठा तोडून-तोडून देण्याची तीच मूळ कल्पना पुढे संगणकाच्या पंख्यात वेगळ्या रूपात वापरली गेली.

वाळ्याच्या ताटीचा वारसा कूलरने चालवला. पत्र्याची पेटी, तीन बाजूंना ताट्या, तळाशी पाणी, ते वर चढवणारा छोटा पंप आणि समोर पंखा अशी त्याची रचना. कोरड्या हवेत पाणी वेगाने बाष्प होते आणि हवेतली उष्णता घेऊन जाते. म्हणून मे महिन्यात ४२ अंशांची हवा कूलरमधून बाहेर पडताना २७-२८ अंशांपर्यंत उतरू शकते. जूनमध्ये हवा दमट झाली की हाच कूलर निरुपयोगी होतो. वऱ्हाडात संगणकाला मिळणारी हवा बहुतेक घरांत या कूलरच्या भरवशावरची असते. ग्राफिक्स कार्डाच्या पंख्याचा विचार त्यामुळे कूलरला सोडून करता येत नाही.

पंखा नसलेली कार्डे

१९८१ साली आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाबरोबर आलेल्या सीजीए कार्डाला किंवा १९८७ च्या व्हीजीए कार्डाला पंखा नव्हता, हीटसिंकही नव्हता. त्या काळात संगणकासाठी सारी खोलीच थंड ठेवली जाई. शेगावात श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ मध्ये सुरू झाले. त्या दशकात देशभरच्या महाविद्यालयांत संगणक कक्ष म्हणजे वातानुकूलित, धूळ येऊ नये म्हणून दाराबाहेर पादत्राणे काढून जाण्याची जागा होती. संगणक घरोघरी आणि दुकानोदुकानी पोहोचला तेव्हा वातानुकूलन मागे राहिले.

त्याच सुमारास चिपची उष्णता वाढू लागली. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्सचे व्हूडू कार्ड आले आणि घरगुती संगणकावर त्रिमितीय खेळ सफाईने चालू लागले. १९९८ च्या एनव्हिडिया रिव्हा टीएनटी चिपमध्ये सुमारे ७० लाख ट्रान्झिस्टर होते. १९९९ च्या जीफोर्स २५६ मध्ये ते २ कोटी ३० लाख झाले. एवढ्या दाटीला ॲल्युमिनियमचा नुसता हीटसिंक पुरेना. त्यावर चार-पाच सेंटीमीटरचा पंखा बसला आणि ग्राफिक्स कार्डाचा पंखा हा संगणकाचा नेहमीचा भाग झाला.

दोन तारांचा पंखा

हे पहिले पंखे दोन तारांचे होते. एका तारेतून १२ व्होल्ट, दुसरी परतीची. संगणक सुरू झाला की पंखा पूर्ण वेगाने फिरू लागे आणि बंद होईपर्यंत तसाच फिरत राही. पडद्यावर कोरे पान असो की खेळ, त्याला फरक कळत नसे. चिपचे तापमान मोजणारा संवेदकही बहुतेक स्वस्त कार्डांवर नव्हता. २००२ मध्ये आलेले जीफोर्स फोर एमएक्स ४४० हे त्या पिढीचे स्वस्त आणि लोकप्रिय कार्ड. त्यावर कुठे छोटा पंखा असे, कुठे नुसता हीटसिंक. दोन्हींत वेग ठरवण्याचा किंवा पाहण्याचा मार्ग नव्हता.

वेगनियंत्रणाची निकड २००३ मध्ये बाजारात आलेल्या जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा या महागड्या कार्डाने जगापुढे आणली. १२ कोटी ५० लाख ट्रान्झिस्टरांची ही चिप थंड ठेवणारा पंखा इतका आवाज करी की त्याची जगभर हेटाळणी झाली. साध्या कामात मंद आणि त्रिमितीय कामात वेगवान अशी सोय त्यात होती, पण मधली पायरी नव्हती. पंख्याचा वेग तापमानानुसार हळूहळू वाढला पाहिजे, हा धडा उद्योगाने त्यानंतर गांभीर्याने घेतला.

त्यामागे पंख्याचे गणितही आहे. वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते, पण पंखा फिरवायला लागणारी शक्ती आठपट होते आणि आवाज सुमारे १५ डेसिबलने वाढतो. म्हणून गरज नसताना पूर्ण वेग म्हणजे आवाज, झीज आणि धूळ या तिन्हींना आमंत्रण.

तिसरी आणि चौथी तार

पंख्याच्या आत चुंबकाची स्थिती ओळखणारा हॉल संवेदक मोटर फिरवण्यासाठी असतोच. त्याचा संकेत तिसऱ्या तारेने बाहेर काढला की फेरे मोजता येतात. संगणकाचे बहुतेक पंखे एका फेऱ्यात दोन स्पंद देतात. सेकंदाला १०० स्पंद मोजले गेले तर पंखा मिनिटाला ३,००० फेरे घेत आहे, असा हिशेब. ही तार पंख्याला हुकूम देत नाही, ती पंख्याची खबर आणते.

चौथी तार हुकमाची. इंटेलने २००० नंतरच्या दशकाच्या मध्यात चार तारांच्या पंख्याचे प्रमाण ठरवून दिले. त्यात १२ व्होल्ट कायम राहतात आणि चौथ्या तारेवरून सेकंदाला सुमारे २५ हजार वेळा चालू-बंद होणारा संकेत जातो. या चालू-बंदीतला चालूचा वाटा म्हणजे वेगाची टक्केवारी. या पद्धतीला पीडब्ल्यूएम म्हणतात. २५ हजारांचा आकडा निवडण्याचे कारण माणसाचे कान. ऐकू येण्याची मर्यादा साधारण २० हजार कंपनांपर्यंत आहे, त्यामुळे मोटरची गुणगुण ऐकू येत नाही. चार तारांचा पंखा कमी वेगातही अडखळत नाही, कारण त्याच्या मोटरला पूर्ण दाब मिळत राहतो.

तापमानाची बाजूही याच काळात सुधारली. सुरुवातीला कार्डावर वेगळी संवेदक चिप बसवावी लागे. पुढे ग्राफिक्स चिपच्या आतच तापमान मोजणारा भाग आला आणि संवेदकाचा वेगळा खर्च संपला. त्यामुळे स्वस्त कार्डांनाही आपले तापमान सांगता येऊ लागले. कोणत्या तापमानाला किती टक्के वेग द्यायचा याचा तक्ता कार्डाच्या बायोसमध्ये, म्हणजे कार्डावर कायम साठवलेल्या मूळ आज्ञावलीत, भरलेला असतो.

काटकसर कुठे झाली

स्वस्त कार्डाचा उत्पादक प्रत्येक सुट्या भागावर पैसे वाचवतो. चार तारांऐवजी दोन तारांचा पंखा घेतला की पंखा स्वस्त, कनेक्टर स्वस्त. हा निर्णय चिप बनवणारी कंपनी घेत नाही, कार्ड जुळवणारी कंपनी घेते. म्हणून एकाच चिपच्या दोन कार्डांत पंख्याची सोय अगदी वेगळी असू शकते. बाजारातल्या स्वस्त कार्डांचे यानुसार चार प्रकार पडतात.

पहिल्या प्रकारात पंखाच नसतो. २००९ चे जीफोर्स २१०, २०१० चे रेडिऑन एचडी ५४५०, नंतरचे जीटी ७१० यांची अनेक कार्डे नुसत्या हीटसिंकवर चालतात. २० ते ३० वॅटच्या चिपला ते पुरते, पण पेटीतली हवा हलती असेल तरच. दुसऱ्या प्रकारात पंखा थेट १२ व्होल्टला जोडलेला असतो. तो सतत पूर्ण वेगाने फिरतो आणि त्याला कोणतीही आज्ञा लागू पडत नाही. तिसऱ्या प्रकारात पंखा दोन तारांचाच असतो, पण कार्ड त्याला मिळणारा विजेचा दाब कमी-जास्त करते. इथे वेग बदलतो, मोजता मात्र येत नाही. चौथ्या प्रकारात वेग बदलतोही आणि फेरेही दिसतात.

सर्वांत जास्त घोटाळा तिसऱ्या प्रकारात होतो. पडद्यावरची आज्ञावली '६० टक्के' असे दाखवते आणि वापरणाऱ्याला वाटते की पंखा ६० टक्के वेगाने फिरतो आहे. प्रत्यक्षात कार्डाने पंख्याला ६० टक्के वेग मागितला, एवढाच त्याचा अर्थ. पाती धुळीने अडकली असतील, बेअरिंग बसले असेल, तार सुटली असेल, तरी आकडा ६० च राहील. टक्केवारी ही आज्ञा आहे, फेऱ्यांचा आकडा ही साक्ष आहे. साक्ष देणारी तार नसेल तर तापमानाकडूनच साक्ष काढावी लागते. कार्डावर सारखेच काम चालू ठेवून पंख्याची टक्केवारी वाढवावी आणि काही मिनिटे थांबावे. तापमान उतरले तर पंखा आज्ञा पाळतो आहे. ढिम्म राहिले तर पेटी उघडून पाहण्याची वेळ आली आहे.

नियंत्रण वापरणाऱ्याच्या हाती

कार्डाच्या बायोसमधला तक्ता बदलण्याची सोय वापरणाऱ्यांना मिळाली ती प्रामुख्याने कंपन्यांबाहेरच्या माणसांनी लिहिलेल्या आज्ञावलींमुळे. रशियाच्या अलेक्सेइ निकोलायचुक यांची रिव्हाट्यूनर ही त्यांतली अग्रणी. तिच्यात चिपचे तापमान, पंख्याचा वेग आणि त्यांचा आलेख एकत्र दिसे. निकोलायचुक यांनीच पुढे एमएसआय कंपनीसाठी आफ्टरबर्नर ही आज्ञावली घडवली आणि ती कोणत्याही कंपनीच्या कार्डावर चालत असल्याने सर्वत्र पसरली. इटलीचे आल्फ्रेडो मिलानी कॉम्पारेत्ती यांची स्पीडफॅन मदरबोर्डावरच्या पंख्यांसाठी प्रसिद्ध झाली. २००७ मध्ये आलेल्या जीपीयू-झेडने कार्डाची ओळख आणि संवेदकांचे आकडे एका छोट्या खिडकीत आणले. या साऱ्या फुकट मिळत असल्याने कमी पैशांत संगणक जुळवणाऱ्यांना त्या विशेष उपयोगी पडल्या.

लिनक्सवर हे काम वेगळ्या वाटेने झाले. तिथे संवेदकांचे आकडे साध्या फाइलींच्या रूपात वाचता येतात. तापमान अंशाच्या हजाराव्या भागात लिहिलेले असते, म्हणजे ६५००० हा आकडा ६५ अंश. पंख्याची आज्ञा ० ते २५५ या मोजपट्टीवर दिली जाते. रेडिऑन कार्डांवर एएमडीच्या खुल्या ड्रायव्हरमधून हे नियंत्रण मिळते. एनव्हिडियाच्या स्वतःच्या ड्रायव्हरमध्ये कूलबिट्स नावाच्या पर्यायाला ४ ही किंमत दिली की पंख्याचा ताबा वापरणाऱ्याकडे येतो. २०१० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आलेल्या नूव्हो या खुल्या ड्रायव्हरलाही पुढे जुन्या कार्डांचे पंखे हाताळता येऊ लागले. पण एनव्हिडियाने नंतरच्या चिपसाठी स्वाक्षरीबद्ध फर्मवेअर, म्हणजे कंपनीची डिजिटल सही असलेली अंतर्गत आज्ञावली, सक्तीचे केले आणि जीटी १०३० किंवा जीटीएक्स १०५० सारख्या स्वस्त कार्डांवर नूव्होला पंख्याचा वेग बदलण्याची वाट बंद झाली.

या काळात चिपही स्वतःला सांभाळू लागली. २०१३ पासून एनव्हिडियाच्या चिप ठरावीक तापमानाजवळ आल्या की आपला वेग आपणच उतरवतात. जीफोर्स १० मालिकेत ही मर्यादा सामान्यतः ८३ अंशांची होती. त्यामुळे पंखा बिघडला तरी कार्ड लगेच जळत नाही, ते मंदावते. खेळ अडखळतो, लग्नाच्या चित्रफितीचे संपादन लांबते आणि दोष मात्र संगणक जुना झाला आहे असे म्हणून त्याच्यावर ढकलला जातो. वर मांडलेल्या हिशेबातले ८७ अंश प्रत्यक्षात असे लपून जातात.

थांबणारा पंखा

२०१४ च्या सुमारास काही कंपन्यांनी हलक्या कामात पंखा पूर्ण थांबवणारी कार्डे आणली. चिप साधारण ५५-६० अंशांच्या पुढे गेली की पंखा सुरू होतो, खाली आली की थांबतो. काही वर्षांत ही पद्धत स्वस्त कार्डांपर्यंत आली. आवाज टाळण्यासाठी ती उत्तम आहे. पण खोलीच ४० अंशांवर असेल तर रिकामे बसलेले कार्डही या उंबरठ्याच्या आसपास घुटमळते आणि पंखा सतत चालू-बंद होत राहतो. उभा पंखा सुरू करायला फिरता पंखा चालू ठेवण्यापेक्षा जास्त जोर लागतो, म्हणून तेल सुकलेल्या स्वस्त पंख्याला हे सारखे उठणे-बसणे जड जाते. वऱ्हाडात उन्हाळ्यापुरती ही सोय बंद करून पंखा ३०-४० टक्क्यांवर कायम फिरता ठेवणे शहाणपणाचे ठरते. सुरू होण्याचे आणि थांबण्याचे तापमान यांत पाच-सहा अंशांचे अंतर ठेवले तरी हा त्रास पुष्कळ कमी होतो.

वीज, धूळ आणि खारे पाणी

पंख्याच्या वेगाइतक्याच इतर तीन गोष्टी या भागात महत्त्वाच्या ठरल्या. पहिली वीज. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने रोज कित्येक तासांचे भारनियमन सोसले. विजेचा दाबही संध्याकाळी उतरे. संगणकाला वीज पुरवणारा एसएमपीएस दाब कमी झाला तरी एका मर्यादेपर्यंत कार्डाला पूर्ण १२ व्होल्ट देत राहतो. कूलर आणि छतपंख्याला ही सोय नाही, ते मंदावतात. म्हणजे कार्ड तेवढीच उष्णता ओकत असते आणि खोली थंड ठेवणारे यंत्र मात्र थकलेले असते. अशा वेळी कार्डाचा पंखा तापमानानुसार वेग वाढवणारा नसेल तर वाढलेला सारा ताप चिपवर येतो.

दुसरी गोष्ट धूळ. काळ्या मातीची बारीक धूळ आणि कापसाचे तंतू या पट्ट्यात सर्वत्र असतात. शेगाव-खामगाव हा जुना कापसाचा भाग आहे. खामगावच्या कापसासाठी जलंब ते खामगाव ही रेल्वेची शाखा १८७० मध्येच घातली गेली होती. पंखा हे तंतू ओढून हीटसिंकच्या पाकळ्यांत बसवतो, त्यावर माती साचते आणि नमदा तयार होतो. मग पंखा फिरतो, फेऱ्यांचा आकडाही बरोबर दिसतो, पण हवा आरपार जात नाही. फेरे नेहमीचे आणि तापमान चढलेले असेल तर तो दोष पंख्याचा नसून साचलेल्या धुळीचा किंवा चिप आणि हीटसिंक यांच्यामधल्या सुकलेल्या थर्मल पेस्टचा असतो. दोन्ही आकडे सोबत पाहण्याचा उपयोग इथे कळतो.

तिसरी गोष्ट पाणी. पूर्णेचे खोरे खारपाणपट्टा म्हणून ओळखले जाते. इथल्या खाऱ्या पाण्यावर चालणाऱ्या कूलरच्या ताट्यांवर पांढरा थर चढतो. संगणक कूलरच्या थेट झोतात ठेवला तर तुषारांबरोबर हेच क्षार कार्डावर येऊ शकतात आणि ओलाव्याबरोबर तांब्याचे मार्ग गंजवतात. कूलरने खोली थंड करावी, संगणकाची पेटी मात्र झोताच्या बाजूला असावी.

दुरुस्तीचा व्यवहारही या परिस्थितीतून घडला. स्वस्त पंख्यात साधे स्लीव्ह बेअरिंग असते, त्याचे तेल उष्णतेने लवकर सुकते. चिकटपट्टी उचलून तेलाचा थेंब सोडणे हा तात्पुरता उपाय, नवा पंखा हा कायमचा. नवा पंखा घेताना पात्यांचा व्यास, स्क्रूच्या भोकांमधले अंतर आणि तारांची संख्या जुळवावी लागते. २०१७ आणि पुन्हा २०२१ च्या आभासी चलनाच्या लाटेनंतर रात्रंदिवस चाललेली हजारो वापरलेली कार्डे स्वस्तात बाजारात आली. त्यांत चिप शाबूत आणि पंखा झिजलेला, असे चित्र वारंवार दिसले.

स्वस्त कार्ड घेणाऱ्याने म्हणून विकत घेण्यापूर्वीच पंख्याच्या तारा मोजाव्यात. दोन तारा असतील तर फेरे कधीच दिसणार नाहीत, हे समजून घ्यावे आणि तापमानावर नजर ठेवावी. तीन-चार तारांचे कार्ड थोडे महाग मिळाले तरी वऱ्हाडात तो पैसा वाया जात नाही. पंख्याचा वेग ठरवणारा तक्ता मार्चअखेरीस एकदा वर चढवावा, हीटसिंक उन्हाळ्याआधी स्वच्छ करावा आणि कार्डावर पूर्ण काम टाकून एकदा तापमान नोंदवून ठेवावे. कार्डाच्या खोक्यावरचे आकडे सहसा थंड खोलीतल्या चाचणीवर आधारलेले असतात. ४३ अंशांच्या दुपारी शेगावात ते कार्ड कसे वागते, हे फक्त वापरणाऱ्याने घेतलेली नोंदच सांगू शकते.